‘गॅस संपला’ म्हणजे नेमकं काय झालं?

परीक्षा संपलीय, निकाल लागायचाय आणि तुम्ही घरात मिळेल त्या पंख्याखाली आडवे आहात. अशा वेळी बाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं. ‘‘गाडीचा एसी गरम हवा मारतोय, जरा दाखवून आण.’’ मे महिन्यातली ही बिनपगारी इंटर्नशिप आपल्यापैकी बहुतेकांनी केलेली आहे. चावी हातात येते, खात्यात दोन-अडीच हजार रुपये येतात आणि तुम्ही गॅरेजच्या दारात उभे राहता. तिथला माणूस बॉनेट उघडतो, कधी उघडतही नाही, आणि दोन सेकंदांत सांगतो, ‘‘गॅस संपला.’’

तुम्ही मान डोलावता. अर्ध्या-पाऊण तासात गॅस भरला जातो, हवा गार लागते, पैसे देऊन तुम्ही घरी. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच चावी, तेच गॅरेज आणि तेच दोन शब्द.

मित्रांनो, आज या दोन शब्दांबद्दलच बोलायचंय. ‘गॅस संपला’ हे निदान नाही. फार तर ते लक्षण आहे, आणि पुष्कळदा तेही नाही. ‘अंगात रक्त कमी आहे, एक बाटली चढवतो’ एवढंच म्हणून, रक्त कुठून वाहतंय हे न बघणाऱ्या डॉक्टरकडे आपण आजीला नेऊ का? मग गाडीच्या बाबतीत हे दरवर्षी कसं चालतं?

आजीचं उदाहरण उगाच दिलेलं नाही.

कोंढाळीच्या पुढे

दोन वर्षांपूर्वीचा मे. नागपूरहून अमरावतीला लग्नाला निघालो होतो. गाडी आमची जुनीच, सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक. पुढे मी आणि काका, मागच्या सीटवर ७८ वर्षांची आजी. एप्रिलमध्येच एसीने गरम हवा मारायला सुरुवात केली होती, म्हणून घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला होता. संध्याकाळी रिंग रोडवर एक चक्कर मारली. झकास थंड! आठ दिवसांनी सिग्नलवर पुन्हा गरम. पुन्हा गॅरेज, पुन्हा गॅस, पुन्हा संध्याकाळची चक्कर, पुन्हा झकास. आम्ही निर्धास्त झालो.

कोंढाळीच्या पुढे एक ट्रक आडवा झाला होता. दुपारचा एक वाजलेला. गाड्यांची रांग हलेना आणि पाच मिनिटांत एसीमधून भट्टीसारखी हवा यायला लागली. काचा उघडल्या तर बाहेरची झळ आत. आजी आधी पदराने वारा घेत होती, मग ती बोलेनाशी झाली. रांगेतून गाडी कशीबशी बाजूला काढून एका ढाब्याच्या सावलीत तिला झोपवलं. ओला टॉवेल, पाणी, साखर-मीठ. तासाभराने ती म्हणाली, ‘‘लग्नाचा मुहूर्त गेला का रे?’’ तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

पुढे तळेगावला एक ऑटो इलेक्ट्रिशियनची टपरी दिसली. तिशीतला माणूस. त्याने गॅसचं नावसुद्धा काढलं नाही. आधी विचारलं, ‘‘गाडी उभी असली की गरम मारते अन् पयाली की थंड होते, असंच होते नं?’’ आम्ही हो म्हणालो. त्याने इंजिन चालू करून एसी लावायला सांगितलं आणि बॉनेटमध्ये डोकावला. गाडीत पुढे दोन पंखे होते. त्यातला एसीचा पंखा फिरतच नव्हता. मग गाडी बंद करून त्याने फ्यूजच्या डबीतून हॉर्नचा रिले उपसला आणि पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला. दोन्ही रिले सारखेच होते. गाडी पुन्हा चालू केली आणि पंखा गरगरा फिरायला लागला. बिघाड सापडला होता, आणि तो गॅसमध्ये नव्हता.

मग आधी दोनदा गॅस भरल्यावर हवा थंड कशी झाली? विचार करा. आम्ही तपासणी कधी केली होती? संध्याकाळी, धावत्या गाडीत. गाडी धावत असली की समोरून वारा लागतो आणि बंद पंख्याचं काम तो वाराच करतो. बिघाड दुपारी, उभ्या गाडीत होता. तो जिथे नव्हता तिथे आम्ही त्याला शोधलं आणि ‘झकास’ म्हणून घरी आलो. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली गत. वर दोनदा भरल्यामुळे गॅस गरजेपेक्षा जास्त झाला होता. त्याने आतला दाब वाढला आणि उभ्या गाडीतली तलखी आणखी लवकर सुरू व्हायला लागली. म्हणजे दुरुस्तीनेच दुखणं वाढवलं होतं.

कूलर आणि एसी यांतला फरक

‘गॅस संपला’ हे वाक्य आपल्याला इतक्या सहज का पटतं? मला वाटतं, आपण कूलरच्या प्रदेशातली माणसं आहोत म्हणून. कूलरमध्ये पाणी संपतं, आपण बादली ओततो, हवा पुन्हा गार. माठाचंही तेच. झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. उडालेलं पाणी काही परत येत नाही.

एसीतही मूळ तत्त्व हेच आहे. द्रवाची वाफ होते आणि वाफ होताना तो उष्णता शोषतो. फरक एवढाच, की एसीतून काहीच उडून जात नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांच्या आसपासच उकळतो. डॅशबोर्डच्या आत एक कूलिंग कॉइल असते. तिथे दाब असा राखलेला असतो, की हा द्रव शून्याच्या थोडं वरच उकळावा. उकळताना तो गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो आणि ब्लोअर ती गार झालेली हवा आपल्या तोंडावर मारतो.

आता ही ओढून घेतलेली उष्णता बाहेर टाकायला हवी. त्यासाठी कॉम्प्रेसर त्या वाफेला जोरात दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं बूड कसं तापतं, तशीच ही वाफही तापते. ही तापलेली वाफ गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या जाळीत जाते. तिला कंडेन्सर म्हणतात. तिथे पंख्याचा किंवा समोरून येणारा वारा लागतो, उष्णता बाहेर पडते आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. तो एका बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून पुन्हा कॉइलकडे जातो. झालं एक चक्र पूर्ण.

या चक्रात गॅस जळत नाही, झिजत नाही, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. घरातला फ्रिज आठवा. दहा-पंधरा वर्षं चालतो, त्यात दर उन्हाळ्यात गॅस भरतो का आपण? हं, गाडी फ्रिजसारखी एका जागी उभी नसते. ती हादरते, तिच्यात रबरी नळ्या आणि जोड असतात, त्यामुळे बऱ्याच वर्षांत थोडासा गॅस झिरपणं स्वाभाविक आहे. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर दोनच शक्यता. एक तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर गॅस कमी नाहीच आणि बिघाड भलतीकडे आहे. दोन्ही बाबतीत नुसतं ‘भरा’ हे उत्तर चुकीचं.

गॅरेजला जाण्याआधीची दहा मिनिटं

आता कामाचं. गॅरेजला निघण्याआधी दहा मिनिटं गाडीला द्या. पाना लागत नाही. डोळे, कान, हात आणि थोडं डोकं पुरतं. गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली इअरफोनची वायर बॉनेटपासून लांब. तो पंखा न सांगता सुरू होतो.

सगळ्यात आधी, बिघाड आहे का ते ठरवा. गाडी दुपारभर उन्हात उभी असेल तर पहिली काही मिनिटं गरम हवा येणारच. काचा खाली करून थोडं अंतर जा, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशनचं बटण दाबा. हे बटण बंद असेल तर एसी बिचारा बाहेरची ४४ अंशांची हवा गार करत बसतो. तापमानाचा नॉब निळ्याच्या टोकाला आहे ना, हेही बघा. हसू नका, कुणाचा तरी धक्का लागून तो लालकडे गेलेला असतो आणि आपण गॅरेज गाठतो.

मग स्वतःला विचारा, हवा ‘कमी’ आहे की ‘गरम’ आहे? हवा थंड आहे पण जोर नाही, तर आधी केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. वर्षानुवर्षं न बदललेला फिल्टर काढलात तर त्यात धूळ, पानं, कधी मेलेलं झुरळ, अशी अख्खी जीवसृष्टी निघते. नवा टाकायला काही शे रुपये आणि पाच मिनिटं लागतात.

जोर आहे पण हवा गरम आहे, तर इंजिन चालू करा, एसी लावा आणि बाजूला उभं राहून ऐका. कॉम्प्रेसरचा क्लच लागला की ‘टक्’ असा आवाज येतो. बेल्टवरची पुली इंजिनबरोबर सतत फिरते, पण तिच्या तोंडाशी असलेली चकती क्लच लागल्यावरच फिरते. काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, तिथे ही खूण लागू नाही. चकती फिरतच नसेल तर कॉम्प्रेसरला हुकूमच पोचत नाहीये. फ्यूज उडालाय, रिले गेलाय, उंदराने वायर कुरतडलीय किंवा गॅस फारच कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर बंद ठेवलाय. यातली पहिली तीन कारणं गॅस भरून जाणार नाहीत. चकती दर काही सेकंदांनी टक्-टक् करत लागत-सुटत असेल, तर मात्र गॅस कमी असल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

क्लच लागतोय, आता पंखा बघा. उभ्या गाडीत गरम आणि हायवेवर थंड, ही तक्रार असेल तर पहिला संशयित पंखाच. दुसरा म्हणजे चिखल, किडे आणि पिसांनी बुजलेला कंडेन्सर. तो इंजिन गार असताना साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर त्याच्या नाजूक पात्या वाकतात आणि वाट आणखी बुजते.

पंखाही फिरतोय? मग बॉनेटमधून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या बघा. एक बारीक, एक जाड. बारीक नळीला हात लावू नका, ती तापलेली असू शकते. जाड नळी मात्र गार हवी आणि दमट हवेत तिच्यावर घाम आलेला दिसायला हवा. जाड नळी थंडगार आहे, तरी आत गरम हवा येतेय? मग एसी आपलं काम चोख करतोय, बिघाड हीटरकडे आहे. डॅशबोर्डच्या आत गरम आणि थंड हवेची वाट ठरवणारी एक झडप असते. तिची केबल सुटली किंवा मोटर अडकली, की गार झालेली हवा हीटरवरून जाऊन पुन्हा तापते. अशा गाडीत कितीही गॅस भरा, उपयोग शून्य.

आणि एक गमतीदार प्रकार. पहिला तासभर छान थंड, मग हवेचा जोर कमी होत जातो, मग गरम. चहाला थांबलात, पंधरा मिनिटांनी गाडी सुरू केली की पुन्हा थंड. इथे कॉइलवर बर्फ जमतोय. हवेची वाटच बंद होते, थांबल्यावर बर्फ वितळतो. कॉइलचा तापमान मोजणारा सेन्सर किंवा तुंबलेला फिल्टर तपासायला सांगा. ‘चहाला थांबल्यावर बरं होतं’ ही एवढी माहिती मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचवते.

म्हणून मोबाइलच्या नोट्समध्ये चार ओळी लिहून न्या. कधी होतं, उभ्या गाडीत की धावत्या, क्लच लागतो का, पंखा फिरतो का. ‘एसी चालत नाही’ म्हणणारा ग्राहक आणि या चार ओळी वाचून दाखवणारा ग्राहक, या दोघांना गॅरेजमध्ये मिळणारी उत्तरं वेगळी असतात. करून बघा.

इथे हात लावायचा नाही

व्हिडिओ बघून सगळं घरी करता येतं, असं वाटण्याचं आपलं वय आहे. पण गॅसच्या नळ्यांचा एकही नट सैल करायचा नाही. टायरमध्ये ३०-३३ पीएसआय दाब असतो. चालू एसीच्या गरम बाजूला आपल्या उन्हाळ्यात तो २०० च्याही वर जातो. बाहेर उडालेला द्रव गॅस कातडी आणि डोळे गोठवू शकतो. ऑनलाइन मिळणारा डबा आणून अंदाजाने गॅस भरणं तर नकोच. आत किती गॅस आहे हे माहीत नसताना वरून भरणं म्हणजे काय, ते आमच्या गाडीने दाखवलंच आहे. फिल्टर, फ्यूज, बाहेरून सफाई, निरीक्षण, इथपर्यंत तुमचं राज्य. त्यापुढे जाणकाराचं.

चार प्रश्न, नम्रपणे

आता गॅरेज. तिथे जाऊन पंडितगिरी करायची नाही. मेकॅनिकने आयुष्यात उघडलेली बॉनेट्स आपण बघितलेल्या रील्सपेक्षा जास्त असतात. पण चार प्रश्न विचारायचा हक्क आपला आहे.

पहिला, ‘‘दादा, गॅस कमी आहे हे कशावरून?’’ उत्तर गेजवरून यायला हवं. गेजला दोन काटे असतात, एक थंड बाजूचा आणि एक गरम बाजूचा. दोन्ही खूप खाली असतील तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त. दोन्ही खूप वर असतील तर गॅस जास्त झालाय किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. थंड बाजू वर आणि गरम बाजू खाली, म्हणजे दोन्ही काटे जवळ आले, तर कॉम्प्रेसर दमलाय. काटे न बघता झालेलं निदान म्हणजे अंदाज.

दुसरा, ‘‘कमी आहे तर गेला कुठे?’’ गॅसबरोबर आत थोडं तेलही फिरत असतं. त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलकट डाग पडून धूळ चिकटते. जोडांमधल्या रबरी ओ-रिंगा, दगड लागलेला कंडेन्सर, कॉम्प्रेसरचं सील, डॅशबोर्डमधली कॉइल ही नेहमीची ठिकाणं. साबणाचा फेस, आत नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघणं, किंवा रंगद्रव्य टाकून खास दिव्याने शोधणं, अशा रीती आहेत. एक ओ-रिंग बदलून काम भागलं तर भाग्य. कॉइल गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागतो आणि खर्च वाढतो. पण तो एकदाच.

तिसरा, ‘‘व्हॅक्यूम किती वेळ करणार?’’ दुरुस्ती झाल्यावर, गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओल काढून टाकावी लागते. साधारण अर्धा तास तरी. आत राहिलेली ओल व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठते, शिवाय तेलाशी मिळून हळूहळू आतले भाग खाते. पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहिला तर ठीक. वर सरकला, तर गळती अजून शिल्लक आहे.

चौथा, ‘‘किती ग्रॅम भरणार?’’ बॉनेटखाली बहुधा एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. लहान गाडीत ते चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. गॅस वजन करून भरायचा असतो, ‘हाताला गार लागेपर्यंत’ नव्हे. आणि बिलावर ‘एसी काम’ एवढंच नको. काय बिघडलं होतं, काय बदललं, किती ग्रॅम भरला, हे लिहून घ्या. पुढच्या मे महिन्यात हाच कागद तुमचा साक्षीदार असेल.

त्या चारशे ग्रॅमचं पुढे काय होतं?

आता कुणी म्हणेल, दरवर्षी दोन हजार रुपये, त्यात एवढं काय! पैशांचं सोडा. गळती न काढता भरलेला गॅस जातो कुठे? हवेत. आधीच्या काळी गाड्यांमध्ये आर-१२ वापरायचे. त्याने ओझोनच्या थराला भोक पाडायला हातभार लावला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला आणि आर-१३४ए आला. हा ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात पटाईत. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए हा सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात. म्हणजे आपल्या छोट्या गाडीतले चारशे ग्रॅम निसटले, की साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं काम झालं. गाडी एक इंचही न हलवता!

२०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात जगाने अशा गॅसेसना आवरायचं ठरवलं. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे २०२८ मध्ये त्यांच्या वापराला मर्यादा पडेल, २०३२ पासून कपात सुरू होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. त्या वर्षी तुम्ही चाळिशीत असाल आणि तुमचं पोरगं गाडीची चावी घेऊन गॅरेजला जात असेल. ऊन वाढलं म्हणून एसी, एसी गळतो म्हणून ऊन, या चक्राला कुठेतरी ब्रेक हवा. तो आंतरराष्ट्रीय करारात असतो, तसाच एका ओ-रिंगमध्येही असतो.

पाहायचे पैसे

तळेगावच्या टपरीवरची एक गोष्ट सांगायची राहिली. काम झाल्यावर काकांनी विचारलं, ‘‘किती झाले?’’ तो म्हणाला, ‘‘साडेतीनशे. दोनशे रिलेचे, दीडशे पाह्याचे.’’ काका आपल्या सवयीने म्हणाले, ‘‘रिलेचे ठीक आहेत, पण पाहायचे कसले पैसे?’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘पाह्यलं म्हणून तं सापडलं नं काका.’’

काकांनी साडेतीनशे दिले. मी मात्र त्या वाक्याशी अजून अडकून आहे. दोनदा गॅस भरायला आम्ही एका शब्दाची घासाघीस केली नव्हती, कारण तिथे काहीतरी ‘भरलं’ जात होतं. पंधरा मिनिटं डोकं लावून नेमकं कारण शोधणाऱ्याचे दीडशे रुपये आम्हाला जड झाले. खरं सांगायचं तर ‘गॅस संपला’ या वाक्याला गॅरेजवाला एकटा जबाबदार नाही. त्याला माहीत असतं, की गळती शोधायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांचे पैसे ग्राहक देणार नाही. ग्राहकाला अर्ध्या तासात थंड हवा हवी असते. मग तो तेच विकतो जे आपण विकत घेतो.

हे बदलायचं तर सुरुवात आपल्याकडून व्हायला हवी. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये म्हणा, ‘‘आधी शोधा. शोधण्याचे वेगळे पैसे देतो.’’ या एका वाक्याने समोरच्या माणसाचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा स्वतंत्र ट्रेड आहे. तिथून बाहेर पडणारी तुमच्याच वयाची मुलं-मुली हे शोधणं शिकून येतात. नव्याने बनणाऱ्या मालवाहू ट्रकच्या केबिनलाही एसी सक्तीचा झाला आहे, म्हणजे हे काम वाढणारच आहे. पण शोधण्याला किंमत नसेल, तर ती मुलंही वर्षभरात ‘गॅस संपला’ म्हणायला शिकतील. आणि मेकॅनिकलवाल्यांनो, व्हेपर कॉम्प्रेशन सायकलची आकृती पेपरात काढून मार्क मिळवलेत ना? आता एकदा बॉनेट उघडून ती आकृती बोटाने दाखवा. निदान बाबांना तरी.

आमच्या गाडीतला जास्तीचा गॅस अमरावतीत मशीनवर काढून घेतला आणि वजन करून योग्य तेवढाच पुन्हा भरला. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, गॅसला हात लावावा लागलेला नाही. आजी ८० ची झाली. गाडीत बसली की ती अजूनही आधी एकच विचारते, ‘‘पंखा फिरतोय का रे?’’ बॉनेट उघडून, बघून सांगितल्याशिवाय ती दार लावू देत नाही.